वाचकांचे प्रश्न : एका लॅपटॉपला दोन मॉनिटर

प्रश्न : मी सांगलीत करसल्लागार म्हणून काम करतो. हळदीच्या आणि बेदाण्याच्या व्यापाऱ्यांची विवरणपत्रे भरताना एका पडद्यावर टॅली, दुसऱ्यावर जीएसटीचे पोर्टल आणि लॅपटॉपवर बँकेचा खातेउतारा असावा, म्हणून २४ इंची दोन मॉनिटर घेतले. लॅपटॉप विंडोज ११ चा, इंटेलच्या ११व्या पिढीचा प्रोसेसर असलेला आहे. त्याला एचडीएमआय पोर्ट एकच असल्यामुळे मी स्प्लिटर लावला. परंतु ‘एक्स्टेंड’ (प्रत्येक पडद्यावर वेगळे चित्र) हा पर्याय निवडूनही दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दिसते. बिघाड कशात असावा?

उत्तर : बिघाड कशातही नाही. स्प्लिटरचे कामच मुळी आलेल्या एका चित्राच्या दोन प्रती काढण्याचे आहे आणि आपल्या टेबलावर दोन मॉनिटर आहेत, हे लॅपटॉपला कळतही नाही. डिस्प्ले सेटिंग उघडून पाहिल्यास तेथे प्रत्येक पडद्याची एक याप्रमाणे तीनऐवजी दोनच चौकटी दिसतील. दुकानात ‘दोन मॉनिटर जोडायचे आहेत’ एवढेच सांगितले की बहुधा स्प्लिटरच हातात पडतो. म्हणून ‘दोन्हींवर वेगवेगळे चित्र हवे’ असे स्पष्ट सांगावे.

आपल्या प्रोसेसरची क्षमता लॅपटॉपचा पडदा धरून चार पडद्यांपर्यंत आहे, त्यामुळे अडचण आहे ती केवळ वाटेची. एक मॉनिटर एचडीएमआयलाच ठेवावा आणि दुसऱ्यासाठी लॅपटॉपचा यूएसबी-सी पोर्ट तपासावा. हा पोर्ट दिसायला सगळीकडे सारखाच असला, तरी प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र जात नाही. काही पोर्ट केवळ डेटासाठी किंवा चार्जिंगसाठी असतात. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्ट या चित्र नेणाऱ्या जोडणीचे, इंग्रजी डी आणि पी मिळून झालेले चिन्ह किंवा थंडरबोल्ट या वेगवान जोडणीचे, विजेच्या आकाराचे चिन्ह असेल, तर चित्र जाते. चिन्ह नसेल, तर कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या नेमक्या मॉडेलचा तपशील पाहावा, कारण एकाच नावाच्या लॅपटॉपच्या दोन मॉडेलांतही हा फरक असतो. पोर्टमधून चित्र जात असेल, तर यूएसबी-सी ते एचडीएमआय अशी साधी केबल पुरेल. ही केबल एकाच दिशेने चालते, त्यामुळे यूएसबी-सीचे टोक लॅपटॉपकडेच हवे. त्यानंतर विंडोज आणि पी या कळा एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडावे आणि सेटिंगमधील चौकटी टेबलावरील मांडणीप्रमाणे सरकवून घ्याव्यात. नाहीतर माऊस उजवीकडे नेला की बाण डावीकडच्या मॉनिटरवर उगवतो.

पोर्टमधून चित्र जात नसेल, तर डिस्प्लेलिंक तंत्राचा यूएसबी अ‍ॅडॉप्टर घ्यावा. तो चित्र आकसून साध्या डेटाच्या रूपाने पाठवतो, त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर घालावे लागते आणि त्याचा थोडा भार प्रोसेसरवर पडतो. हिशेबाच्या तक्त्यांना आणि पोर्टलला तो भार जाणवत नाही. व्हिडिओ संपादन करणाऱ्याला मात्र मी तो सुचवणार नाही. जोडणी कोणतीही निवडा, ती महिन्याच्या ११ किंवा २० तारखेच्या तोंडावर, विवरणपत्रांच्या घाईत करू नये.

आणखी एक गोष्ट आपल्या भागातल्या वीजपुरवठ्यामुळे सांगतो. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, मॉनिटर मात्र बंद पडतात आणि सगळ्या विंडो लॅपटॉपच्या पडद्यावर गर्दी करतात. विंडोज ११ च्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरच्या जोडणीनुसार विंडोंच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे. तो चालू ठेवल्यास वीज परत आल्यावर त्या आपापल्या जागी जातात. मॉनिटर इन्व्हर्टरवर घेणे अधिक चांगले, कारण असा मॉनिटर साधारण २० ते ३० वॅटच घेतो.

प्रश्न : मी साताऱ्यात घरून भाषांतराचे काम करते. माझ्याकडे एम१ चिपचा मॅकबुक एअर आहे. दोन एचडीएमआय पोर्टचा हब (लॅपटॉपच्या एका पोर्टला लावून अनेक पोर्ट देणारे उपकरण) घेतला, त्याच्या खोक्यावर ‘दोन मॉनिटर’ असे लिहिले आहे, तरी दोन्हींवर एकच चित्र येते. ओळखीच्यांच्या विंडोज लॅपटॉपवर मात्र तोच हब नीट चालतो. असे का?

उत्तर : असे हब एकाच केबलमधून अनेक स्वतंत्र चित्रे नेण्याच्या एमएसटी या पद्धतीवर चालतात. ही सोय डिस्प्लेपोर्टच्या १.२ आवृत्तीपासून आहे. विंडोज तिचा उपयोग करते, मॅकओएस स्वतंत्र पडद्यांसाठी करत नाही. शिवाय एम१ आणि एम२ चिपचे मॅकबुक एअर बाहेरचा एकच मॉनिटर चालवतात. एम३ च्या एअरवर झाकण मिटलेले असताना दोन चालतात आणि झाकण उघडे ठेवून दोन चालवण्याची सोय एम४ पासून आली. एवढ्यासाठी नवा लॅपटॉप घेऊ नये. हब परत करता येत असेल तर करावा, एक मॉनिटर थेट जोडावा आणि दुसऱ्यासाठी वर सांगितलेला डिस्प्लेलिंक अ‍ॅडॉप्टर वापरावा. त्याचे सॉफ्टवेअर ‘स्क्रीन रेकॉर्डिंग’ची परवानगी मागते. पडद्यावरील चित्र उचलल्याशिवाय त्याला ते पाठवताच येत नाही, त्यामुळे ही मागणी पाहून घाबरू नये. मात्र सॉफ्टवेअर डिस्प्लेलिंकच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. हे सॉफ्टवेअर चालू असताना चित्रपटांच्या काही सशुल्क सेवांची चौकट काळी दिसते. त्या वेळी ते तात्पुरते बंद करावे.