आधी वाय-फाय सुरू करा

प्रश्न : मुलगी बीएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ६८ टक्के. रात्र-रात्र लॅपटॉपवर दुर्बिणीच्या ‘ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्स’चं सिम्युलेशन (कॉम्प्युटरवरची नक्कल) करत बसते. आकाशाकडे बघतसुद्धा नाही, मग हे कसलं खगोलशास्त्र? आता मी दहानंतर वाय-फाय बंद करतो. क्लासची फी भरून पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायचं ठरवलंय; तिला डेटा सायन्सकडे कसं वळवू? – एक पालक, सिंहगड रोड, पुणे

उत्तर : ६८ टक्क्यांचं सोडा, मला काळजी वाटली ती वाय-फायची. कॉलेजात जाणाऱ्या मुलीचं इंटरनेट दहाला तोडायचं आणि वर विचारायचं, हिला वळवू कसं? मुलगी आहे ती, रिक्षा नव्हे. तिला काय हवंय, याबद्दल तुमच्या पत्रात एक अक्षर नाही. विचारलंत का कधी?

आता आकाशाकडे न बघता कसलं खगोलशास्त्र, हा तुमचा गैरसमज. हवेच्या अस्थिर थरांतून येताना ताऱ्याचा प्रकाश विस्कटतो, म्हणून मोठ्या दुर्बिणीतूनही तारा फुगलेला दिसतो. ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्समध्ये एक लवचिक आरसा सेकंदाला शेकडो वेळा आकार बदलून ही विस्कट दुरुस्त करतो. असा आरसा महाग, आणि आज रात्रीची हवा उद्या पुन्हा मिळत नाही. कॉम्प्युटरवर मात्र तीच खवळलेली हवा हवी तितक्या वेळा सोडता येते आणि आरशाला हुकूम देणारा प्रोग्रॅम कुठे चुकतो ते सापडतं. उपकरण बांधायच्या आधी हे करतातच. तुमच्याच गावातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेने अमेरिकेतल्या कॅलटेकबरोबर उभारलेली रोबो-एओ ही ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्सची यंत्रणा कॅलिफोर्नियात पालोमार वेधशाळेच्या दीड मीटर दुर्बिणीवर चालली होती. आणि क्लासची फी भरून तुम्ही तिला जे पायथन शिकवायला निघालात, त्यातच ही सिम्युलेशन्स सर्रास लिहितात!

खगोलशास्त्रात कायमच्या नोकऱ्या मोजक्याच, हे तिला जरूर सांगा. पण हेच तंत्र डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी टिपायलाही वापरतात. प्रवेश परीक्षा म्हणाल तर एमएस्सीला आयआयटींची जॅम. पीएचडीला जेस्ट, नेट, आयुका आणि एनसीआरए (पुण्यातलीच रेडिओ खगोलशास्त्राची संस्था) यांची इनॅट.

पुढचं तिला वाचायला द्या.

फूरिए ट्रान्सफॉर्म आणि लिनिअर अल्जिब्रा हे गणित पक्कं कर, ६८ टक्के तिथेच अडलेत का बघ. मग प्रोग्रॅममधली हवा पूर्ण शांत कर. आयुकाच्या गिरवलीच्या दुर्बिणीएवढा दोन मीटरचा गोल आरसा घे, मध्ये अडथळा नको, प्रकाश ५०० नॅनोमीटरचा. ताऱ्याच्या मध्यापासून पहिल्या काळ्या कड्यापर्यंत साधारण ०.०६ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) यायला हवेत. आले नाहीत तर लवचिक आरशाला हात लावू नकोस, आधी पिक्सेलचं माप तपास.