काजूचा भाव आणि आफ्रिकेची बी

प्रश्न : वेंगुर्ले तालुक्यात माझी दोनशे काजूकलमं आहेत. यंदा मोहोर करपला, बी निम्मीच उतरली. माल कमी म्हणजे भाव चढेल असं वाटलं, तर व्यापारी म्हणतो, ‘आफ्रिकेचा माल लागलाय.’ माझ्या बागेचा आफ्रिकेशी संबंध काय?
– एक बागायतदार

उत्तर : काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो आपल्या किनाऱ्यावर आणला आणि पूर्व आफ्रिकेतही नेला. तिथली बी केरळातल्या कारखान्यांत स्वातंत्र्याआधीपासून येते, त्यामुळे सगळा दोष 1991च्या उदारीकरणाच्या धोरणाला देऊ नका. आज सर्वांत जास्त बी पिकवतो तो पश्चिमेकडचा आयव्हरी कोस्ट, आणि त्यांचा हंगाम ऐन तुमच्याच हंगामात येतो. पोती कंटेनरमधून मंगळूर, तुतीकोरीनला उतरतात. कारखानदार तो भाव बघूनच तुमच्या बीला हात लावतो.

त्यात व्हिएतनामने यंत्रं आणली आणि 2006च्या सुमारास काजूगराच्या निर्यातीत आपल्याला मागे टाकलं. त्यांचा गर ज्या भावाने जातो, त्यातून आपली मजुरी वजा जाऊन उरेल तेवढंच तुमच्या बीला मिळतं.

मजुरी म्हणजे कोण, ते मी घरात पाहिलंय. माझी आई कारखान्यात बी फोडायच्या कामाला होती. टरफलातला चीक लागू नये म्हणून हाताला राख चोळून बसायची, तरी बोटांची सालं निघायची. लग्नाकार्यात ती वाढायला पुढे होत नसे, हात पदराखाली ठेवायची. यंत्राने असे हात वाचत असतील तर मला आनंदच आहे. पण जिचं काम गेलं तिला दुसरं काय मिळालं, हे कुणी विचारत नाही, याचा मला फार राग येतो.

आता तुमचं. बी चांगली कडक वाळवा आणि सगळी एकत्र मिसळून विकू नका. वेंगुर्ला-7 या जातीची बी मोठी, तिचा 180 नंबरचा गर निघतो, म्हणजे एका पौंडात साधारण 180 दाणे. ती वेगळी ठेवून वेगळा भाव मागा. आणि काही झाडं ओल्या काजूगरांसाठी राखा. शिमग्याच्या सुमारास उसळीसाठी लोक ते शोधत फिरतात, आणि ओला गर काही आफ्रिकेहून बोटीने येत नाही. ओली बी सोलायचं काम किचकट आहे, बायकाच करतील. त्यांना खोबरेल तेल आणि हातमोजे मात्र आठवणीने द्या.