एमडीटी चालू असताना अँटिऑक्सिडंट घ्यायचे का?

प्रश्न : डॉक्टर, माझ्या मोठ्या भावाला कुष्ठरोग आहे, जास्त जंतूवाला प्रकार, ४ महिने झाले एमडीटी (कुष्ठरोगावरचा एकत्र औषधांचा कोर्स) चालू आहे. कातडी काळपट पडलीये, पाय कोरडे ठक्क. एकाने सांगितलं की त्वचेत ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढलाय, अँटिऑक्सिडंट चालू करा आणि ह्या गोळ्या कमी करा. खरं आहे का?

उत्तर : स्ट्रेसचं खरं आहे, गोळ्या कमी करायचं मात्र अजिबात ऐकू नका, १२ महिन्यांचा कोर्स पूर्ण झालाच पाहिजे.

होतं काय, आपल्या पेशी जंतूला गिळतात आणि त्याला मारायला फ्री रॅडिकल (पेशींना इजा करणारे तीव्र रेणू) सोडतात, पण हा जंतू भलता चिवट, त्याच्या अंगावरचं स्निग्ध आवरण ते फ्री रॅडिकल निकामी करतं, मग जंतू वाचतो आणि मार बसतो आसपासच्या पेशींना, हाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. अशा पेशंटच्या रक्तात मॅलोनडायअल्डिहाइड (ह्या इजेची खूण) वाढलेलं आणि ग्लुटाथिओन (शरीराचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट) कमी झालेलं सापडतं, जंतू जास्त तेवढा हा फरक जास्त. म्हणजे जंतू मारणं हाच स्ट्रेसवरचा मुख्य उपाय, आणि ते काम एमडीटीच करते! व्हिटॅमिन ई, म्हणजे फ्री रॅडिकल थोपवणारं अँटिऑक्सिडंट, सोबत दिल्यावर हा स्ट्रेस कमी झालेला काही अभ्यासांत दिसलाय, पण सोबत, एमडीटीच्या जागी नाही. द्यायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून द्या.

एक मात्र आहे, एमडीटीतल्या डॅप्सोन ह्या गोळीमुळेसुद्धा रक्तातल्या लाल पेशींवर हाच ताण येतो, म्हणून दम लागला, ओठ निळसर दिसले, लघवी गडद झाली तर लगेच दाखवा. गोळी बदलायची का ते डॉक्टर ठरवतील.

काळपटपणा बहुतेक एमडीटीतल्याच क्लोफाझिमिन ह्या औषधाचा, कोर्स संपल्यावर काही महिन्यांत हळूहळू उतरतो. त्याला हे सांगा हो, कारण आरशात बघून माणूस खचतो आणि गोळ्या सोडतो.

कोरडेपणा वेगळा, घामाच्या ग्रंथींच्या नसा बधिर झाल्यात. रोज २० मिनिटं पाय साध्या पाण्यात बुडवा, गरम नको, त्याला चटका कळणार नाही. मग टाचेची जाड कातडी हलक्या हाताने घासा, वरचं पाणी टिपा आणि ओलसर असतानाच तेल किंवा व्हॅसलिन चोळा. बोटांच्या बेचक्यात भेग पडलीये का ते तुम्ही स्वतः बघा, त्याला दुखणारच नाही.

आणि जुने चट्टे अचानक लाल होऊन सुजले, कोपराजवळची नस दुखायला लागली किंवा हातातली ताकद कमी वाटली तर ती रिअ‍ॅक्शन (जंतूविरुद्ध प्रतिकारशक्तीचा अचानक भडका) असू शकते, पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात न्या, एमडीटी चालू ठेवूनच.