कार्पेटवर गालिचा घालावा का?

प्रश्न : ताई, होटगी रोडला आम्ही रीसेलचा फ्लॅट घेतलाय. आधीच्या मालकांनी हॉलभर करड्या रंगाचं कार्पेट चिकटवलं आहे. चांगल्या स्थितीत आहे, म्हणून काढवत नाही. आता भावानं उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा लाल, नक्षीदार गालिचा दिलाय, पाच बाय सात फुटांचा. सासूबाई म्हणतात, "अंथरुणावर अंथरूण घालतात का कुठं?" त्या काठी घेऊन चालतात. गालिचा घालावा का? नाहीतर आपली सोलापुरी चादरच अंथरू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी चादरीचं मिटवू. नको. आपली चादर सुती आणि गालिच्यापेक्षा हलकी; कार्पेटवर चार पावलं पडली की ती गोळा होणार आणि सासूबाईंची काठी नेमकी त्यात अडकणार. मयूरपंखी नक्षीची असेल तर दिवाणावर घाला, चारचौघांना दिसेल तरी.

गालिचा मात्र चालेल. भदोहीचा हातगाठीचा लोकरी गालिचा जड असतो आणि इथं वजनच कामाला येतं. तरी खालचं कार्पेट कसं आहे ते बघाच. अंगठा दाबा. लगेच टणक लागलं, तर लव (म्हणजे कार्पेटचे उभे धागे) आखूड आहे, गालिचा सपाट बसेल. अंगठा आत रुतला, तर विचार सोडा. लांब लवेवर गालिचा चालता-चालता सरकतो, मधे फुगतो.

आखूड लवेवरही तो थोडा सरकतोच. म्हणून खाली अस्तर हवं. फरशीसाठी मिळणारी रबरी जाळी इथं उपयोगाची नाही, ती लवेला धरत नाही. दुकानात "कार्पेटवर घालायचंय" असं सांगून दोन्ही बाजूंनी पकड असलेलं फेल्टचं अस्तर मागा आणि ते गालिच्यापेक्षा चारी बाजूंनी इंचभर आत कापून घ्या.

दिसण्याची काळजी करू नका. खाली साधा करडा, वर नक्षीदार लाल, जोडी छान जमते. फक्त तो हॉलच्या मधोमध पूजेच्या आसनासारखा एकटा टाकू नका. लांब बाजू सोफ्याला समांतर ठेवा, सोफ्याचे पुढचे दोन पाय त्यावर येऊ द्या. तेवढाच दाबही बसतो.

आता सासूबाई. त्यांच्या खोलीपासून बाथरूमपर्यंतची आणि देवघराकडची वाट गालिच्याच्या बाहेरून जायला हवी. मधे कडा येत असेल तर गालिचा सरळ बेडरूममध्ये न्या. शोभेपुढे पाय महत्त्वाचा. कडेचे गोंडे भिंतीकडे जातील असं बघा, काठीचं टोक त्यातच गुंततं.

अंथरण्याआधी पांढरा फडका ओला करून गालिच्याच्या कोपऱ्यावर, उलट्या बाजूनंही, घासा. फडका लाल झाला तर करड्या कार्पेटवर गालिचा टाकायचा नाही, डाग निघता निघत नाही.

आणि कूलर! उन्हाळ्यात आपल्याकडे पारा बेचाळिशी ओलांडतो, घरोघरी हॉलमध्ये कूलर. त्याचं पाणी गालिच्याखाली झिरपलं तर दोन थरांत ते वाळत नाही, कुबट वास येतो. कूलर तिथून लांब ठेवा. पंधरा दिवसांनी गालिचा उलटून खालीही व्हॅक्यूम फिरवा. लोकरीला कसर लागते ती अशा न हललेल्या अंधाऱ्या जागीच. त्याच वेळी त्याची दिशाही बदलत जा, म्हणजे खिडकीच्या उन्हानं एकच बाजू विटणार नाही.