मोबाइलने रुळांचा चढ मोजायचा तर

तुमची अडचण अशी: एचओ (१:८७ प्रमाणातल्या) मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर ४५ सेंमी त्रिज्येच्या वळणावर चढताना सहा डबे घेऊन इंजिन जागेवरच चाकं फिरवतं, आणि मोबाइलमधली लेव्हल कधी १ अंश दाखवते, कधी २.

१ अंश म्हणजे १.७५ टक्के चढ (१०० सेंमी लांबीला १.७५ सेंमी उंची) आणि २ अंश म्हणजे ३.५ टक्के. आपण सहसा २ ते ३ टक्क्यांत काम करतो, म्हणजे आपला सगळा पल्ला या दोन आकड्यांच्या मधेच आला. पूर्ण अंश दाखवणारी लेव्हल इथे उपयोगाची नाही. दशांश दाखवणारं क्लिनोमीटर, म्हणजे कल मोजणारं, अ‍ॅप घ्या. आलेल्या अंशांना १.७५ ने गुणलं की टक्के मिळतात, इतक्या लहान कोनाला तेवढं पुरतं.

फोन थेट रुळांवर ठेवू नका. कव्हर काढा, १५ सेंमीची सरळ अ‍ॅल्युमिनियम पट्टी दोन्ही रुळांवर टेकवा आणि कॅमेऱ्याचा उंचवटा पट्टीबाहेर राहील असा फोन तिच्यावर ठेवा. रीडिंग घ्या. मग पट्टी न हलवता फक्त फोन उलट दिशेला फिरवून पुन्हा घ्या. एकदा १.७ आणि एकदा १.३ आलं, तर खरा चढ १.५ अंश, म्हणजे २.६ टक्के, उरलेला ०.२ हा फोनचा स्वतःचा दोष. हे फिरवणं कधीही टाळू नका. अ‍ॅपमधल्या कॅलिब्रेशनपेक्षा माझा यावर जास्त विश्वास आहे.

आता पायथ्यापासून माथ्यापर्यंत दर १५ सेंमीवर आकडा घ्या आणि प्लायवूडवरच पेन्सिलने लिहीत जा. फोनचा खरा फायदा इथे आहे. सरासरी चढ तुम्ही टेपनेही काढाल, पण मधेच एका सांध्यावर १.५ चा २.३ अंश झालाय, हे टेप सांगत नाही. शिवाय टेबलच कललेलं असेल तर फ्रेमपासून घेतलेली उंची फसवते. फोन गुरुत्वाकर्षणावर चालतो, त्यामुळे इंजिनाला जाणवतो तोच चढ तो दाखवतो.

मात्र वळणाचा अडसर फोनला दिसत नाही. एचओसाठी जुना ठोकताळा असा: ८१ ला सेंटीमीटरमधल्या त्रिज्येने भागा, तेवढे टक्के चढात मिळवा. तुमच्या ४५ सेंमीला १.८ येतात. समजा, मोजलेला चढ २.६ निघाला, तर इंजिनाच्या दृष्टीने तो ४.४ झाला. बोरघाटात १:३७, म्हणजे २.७ टक्के चढ आहे आणि तिथे गाड्यांना मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. खरी रेल्वेही वळणावर चढ मुद्दाम कमी ठेवते.

म्हणून वळणावर चढ १.५ टक्क्यापर्यंत उतरवा आणि राहिलेली उंची सरळ भागात घ्या. खालच्या रुळावरून पूल नेण्यासाठी ९ सेंमी उंची हवी असेल, तर २ टक्क्याने साडेचार मीटर लांबी लागते. जागा तेवढी नसेल तर खालचा रूळच थोडा खाली घेता येतो का बघा. पायथ्याशी आणि माथ्याशी चढ एकदम बदलू देऊ नका. फोनवरचे अंशांचे आकडे ०.३, ०.६, ०.९ असे सावकाश वाढायला हवेत, नाहीतर लांब डब्यांना जोडणारे कपलर सुटतात.

शेवटी एक पडताळा. १ मीटरची सरळ पट्टी आणि पाणसळ रुळांवर ठेवा, खालचं टोक बुडबुडा मधोमध येईपर्यंत उचला आणि फट मोजा. २६ मिमी आली तर २.६ टक्के. फोनचा आकडा याच्याशी जुळला नाही, तर आधी पट्टी वाकलेली नाही ना ते पाहा.