पूर्ण डीफ्रॅग करायच्या आधी, भाऊ

भाऊ, डीफ्रॅग म्हणजे डिस्कवर विखुरलेले फायलींचे तुकडे एकत्र लावणं. पण आधी डिस्क कोणती ते पाहा. एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपवाली डिस्क असेल तर डीफ्रॅगच्या नादी लागूच नको. फायदा काही नाही, उगाच झीज. फिरत्या तबकडीची जुनी डिस्क असेल, तर विंडोज ७ मध्येसुद्धा हे काम आठवड्यातून एकदा आपोआप लावलेलं असतं. सगळे तुकडे शंभर टक्के जोडायचा हट्ट कशाला? ६४ एमबीहून मोठे तुकडे विंडोज तसेच राहू देतं, त्यानं वेग अडत नाही.

दारव्ह्याकडे माझ्या सेतू केंद्रात सातबाऱ्याची पीडीएफ उघडायला मिनिट लागायचं. रात्रभर डीफ्रॅग चालवलं, फरक शून्य. कान लावला तर डिस्क कटकट करत होती. ती मरायला टेकली होती. म्हणून आधी डेटा दुसरीकडे काढून घे. कपाशीचे पैसे आले की एसएसडीच टाक.