वाचकांचे प्रश्न : आठ रास्पबेरी पाय आणि एकच बाई

प्रश्न : माजी विद्यार्थ्यांनी आमच्या शाळेला आठ रास्पबेरी पाय ४ (छोटे, स्वस्त संगणक) दिले. प्रत्येकाला स्क्रीन-कीबोर्ड जोडून तेच ते सॉफ्टवेअर टाकत बसते. मध्येच तो काहीतरी विचारून थांबतो आणि मी तास घेऊन येईपर्यंत तसाच. दुकानदार म्हणतो, एक मेमरी कार्ड तयार करा आणि बाकीच्यांवर कॉपी मारा. करू का तसं?
– एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : बाई, कॉपी मारलेली कार्डं चालतात, नाही असं नाही. पण मग आठही मशीनचं नाव एक आणि एसएसएचच्या (नेटवर्कवरून लॉग-इन करायच्या सोयीच्या) कीजही त्याच. शिवाय दोन कंपन्यांची ३२ जीबीची कार्डं नेमकी एका मापाची नसतात. मोठ्यावरची इमेज, म्हणजे अख्ख्या कार्डाची नक्कल, लहानावर जाता जाता अडकते. त्यापेक्षा मशीन जे विचारणार, त्याची उत्तरं आधीच कार्डावर लिहून ठेवा.

निम्मं काम रास्पबेरी पाय इमेजर हा कार्ड लिहिणारा प्रोग्रामच करतो. कार्ड लिहिण्याआधी तो होस्टनेम (मशीनचं नाव), यूजर, पासवर्ड, वायफाय विचारतो, सगळं भरा. प्रत्येक कार्डाला वेगळं होस्टनेम द्या. वायफायच्या देशाच्या जागी भारतच निवडा, नाहीतर वायफाय बंद राहतं आणि आपण राउटरला शिव्या घालत बसतो. जुन्या व्हिडिओंच्या नादी लागू नका. त्यातला 'पाय' नावाचा तयार यूजर एप्रिल २०२२मध्येच काढून टाकलाय.

आता सॉफ्टवेअर. इथे क्लाउड-इनिट हे मशीन पहिल्यांदा सुरू होताना आपोआप लावून देणारं सॉफ्टवेअर कामाला येतं. मुळात हे क्लाउडमधल्या सर्व्हरांसाठी बनलेलं. पायसाठीच्या उबुंटू सर्व्हरमध्ये ते पूर्वीपासून आहे आणि रास्पबेरी पाय ओएसच्या, डेबियन लिनक्सच्या ट्रिक्सी आवृत्तीवरच्या नव्या इमेजमध्येही आलंय. कार्डाच्या बूट पार्टिशनमध्ये (मशीन सुरू होताना वाचतं त्या भागात) 'यूजर-डेटा' नावाची साधी मजकुराची फाइल असते, ती विंडोजवरही उघडते. तिच्यात 'पॅकेजेस'खाली हव्या त्या पॅकेजांची (सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांची) यादी द्या आणि 'रनसीएमडी'खाली शेवटी चालवायच्या कमांड. हे सगळं पहिल्या बूटला एकदाच चालतं. हॅशने (#) सुरू होणारी पहिली ओळ नुसती टीप समजून पुसू नका. तिच्यावरूनच क्लाउड-इनिट फाइल ओळखतं. ओळी आत सरकवायच्या त्या स्पेसने, टॅब चालत नाही.

तुमचं मशीन मध्येच थांबतं, त्याची मात्र तीन वेगळी कारणं असू शकतात. पहिला प्रश्न अ‍ॅप्टचा (हा पॅकेजं उतरवून बसवणारा प्रोग्राम) : 'टाकू का?' त्याला कमांडमधल्या 'वाय' पर्यायाने होकार मिळतो. बहुतेक जण इथेच निर्धास्त होतात. दुसरा प्रश्न पॅकेजचा स्वतःचा, निळ्या पडद्यावर चौकट येते तो. त्याला 'वाय' पुरत नाही. 'डेबियन फ्रंटएंड' हा व्हेरिएबल 'नॉनइंटरॅक्टिव्ह' करावा लागतो. तिसरा डीपीकेजीचा (हा पॅकेज प्रत्यक्ष उघडून बसवणारा प्रोग्राम) : सेटिंगची जुनी फाइल ठेवू की नवी घेऊ? 'फोर्स-कॉन्फओल्ड' दिलं की जुनी राहते. 'पॅकेजेस'मधल्या यादीसाठी क्लाउड-इनिट हे स्वतःच सांभाळतं. पण 'रनसीएमडी'त अ‍ॅप्ट स्वतः चालवणार असाल, तर तिन्ही गोष्टी तुम्हीच लिहा.

पाय ४ ला बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. सुरू होताना तारीख मागची असते आणि इंटरनेटवरून वेळ मिळण्याआधी अ‍ॅप्ट चाललं, तर पॅकेजांची यादी 'अजून वैध नाही' म्हणून ते ती नाकारतं. म्हणून स्वतःच्या कमांडींआधी वेळ जुळेपर्यंत थांबण्याची ओळ घाला.

शाळेचं नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असेल, तर आठांना एकदम सुरू करू नका. एका पायवर अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी बसवा आणि बाकीच्या सातांना प्रॉक्सी (मधला दुवा) म्हणून त्याचा पत्ता द्या. एकदा उतरवलेलं पॅकेज मग त्याच्याकडूनच मिळतं.

आधी एकाच कार्डावर करून बघा. काही बिनसलं तर 'व्हार-लॉग' फोल्डरमध्ये क्लाउड-इनिटची आउटपुट-लॉग फाइल असते, तिच्यातली शेवटची ओळ मला पाठवा.